होडीला टेकून काढलेले जोर

आये, गेले तीन महिने माझा उजवा खांदा धरलाय. वेणी घालायला हात मागे जात नाही, वरच्या फळीवरचा डबा काढायचा तर स्टूल घ्यावं लागतं. मुलानं काळजीपोटी बोईसरच्या एका जिममध्ये माझं नाव घातलं. थंडगार खोली, चारी बाजूंना आरसे, लोखंडी यंत्रं आणि मोठ्यानं लावलेली गाणी. तिथल्या मुलीनं, असेल बावीस-तेवीस वर्षांची, मला प्रेमानं विचारलं की काकू, याआधी कधी व्यायाम केलाय का. मी म्हटलं, थोडाफार. माझी नोकरीची सगळी वर्षं शाळेच्या मैदानावर शिट्टी फुंकण्यात गेली हे तिला सांगितलं नाही. दोन दिवस गेले, तिसऱ्या दिवशी गेलेच नाही. पालघरच्या या घराच्या मागच्या भिंतीशी उभी राहिले आणि बोटं भिंतीवर चालवत हात वर न्यायला लागले. खांद्याच्या उंचीला आला आणि अडला. तेव्हापासून तुझ्याशी बोलावंसं वाटतंय. तुला वाचता येत नव्हतं. तू असतीस तर हे पत्र मलाच तुला वाचून दाखवावं लागलं असतं, आणि तेवढं धैर्य माझ्यात तेव्हा नव्हतं, आताही असतं की नाही सांगता येत नाही.

मी नववीत होते. गणपती नुकतेच गेले होते, पाऊस पुरता हटला नव्हता, पण होड्या दर्यावर जायला लागल्या होत्या. तू रोज सकाळच्या एस.टी.नं नवापूरहून बोईसरला जायचीस, डोक्यावर मासळीची पाटी घेऊन, आणि कामगारांच्या चाळींतून दारोदार फिरायचीस. त्या दिवशी गाडीतून उतरताना तुझा पाय चिखलात सरकला. पाटी सावरायला गेलीस आणि उजव्या हातावर पडलीस. दंडाचं हाड मोडलं. संध्याकाळी घरी आलीस ती प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून, आणि आल्या आल्या पहिलं विचारलंस ते हे की पाटी कुणी घरी आणून दिली का. बाबा ओट्यावर जाळं सांधत बसले होते. ते वाईट नव्हते, हे मी तुला सांगायला नको. पण दर्यातून आलेली मासळी विकली गेलीच पाहिजे, त्याला थांबता येत नाही, एवढं त्यांना कळत होतं आणि ते खरंही होतं. जेवताना माझ्याकडे न बघता ते म्हणाले की सोमवारपासून पाटी मी न्यायची, शाळेचं पुढं बघू. तू डाव्या हातानं भात कालवत होतीस आणि तो तुला नीट कालवता येत नव्हता.

सोमवारी मी पाटी घेतली. तुला माहीत आहे, भरलेली पाटी एकटीला डोक्यावर चढवता येत नाही, दुसरीनं हात लावावा लागतो. शेजारची काकी रोज माझ्याच गाडीनं जायची, ती हात लावायची आणि लावताना मला सांगायची की मान ताठ ठेव, डोळे पुढे ठेव, पायाकडे बघशील तर पडशील. पहिल्या आठवड्यात माझी मान अशी आखडली की उशीवर डोकं टेकवत नव्हतं. तू डाव्या हातानं तेल लावून द्यायचीस.

दिवाळी झाल्यावर पालघरला जाऊन तुझं प्लास्टर कापलं. मी बरोबर होते. आतून निघालेला हात बघून तू हसलीस. म्हणालीस, "सुका बोंबील झाला गो." हात छातीच्या वर जाईना. डॉक्टरांनी तुला भिंतीसमोर उभं केलं आणि दाखवलं की बोटं मुंगीसारखी चालवत हात वर न्यायचा, रोज, दुखलं तरी न्यायचा, नाहीतर तो एवढाच राहील. घरी आल्यावर काकीनं शेकायला सांगितलं, बाबांनी कुठलंसं तेल आणलं. तू ते सगळं केलंस आणि भिंतही केलीस. स्वयंपाक करता करता, भात शिजेपर्यंत, चुलीशेजारच्या भिंतीवर तुझी बोटं चढत असायची. कुठवर पोचली तिथं तू कोळशानं रेघ ओढायचीस. पंधरा दिवसांत रेघ डोक्याच्या वर गेली. पण हात वर गेला तरी त्यात जोर नव्हता. एका सकाळी पाण्याचा हंडा उचलायला गेलीस तर तो जागचा हलेना.

त्याच सकाळी तू मला म्हणालीस, "तुमचा मास्तर शाळंत करून घेतो ना हातापायाचं, ते मला दाखव." मी लाजले. आमचे ड्रिलचे सर मुलींकडूनही जोर-बैठका काढून घ्यायचे हे खरं, पण आई आणि जोर, हे माझ्या डोक्यात बसेना. मी म्हटलं, ते बायका करत नाहीत. तू पटकन म्हणालीस, "मग पाटी काय बाप्ये उचलतात?"

आमच्या शाळेत व्यायामाचं सामान म्हणून काही नव्हतं. वाळूचं मैदान, एक मोडका बाक आणि भिंत. सरांची पद्धत अशी की ज्याला जमिनीवर जोर काढता येत नाही त्यानं आधी भिंतीला हात टेकून उभ्यानं काढायचे, मग बाकाला टेकून, मग जमिनीवर. आपण उजाडता उजाडता किनाऱ्यावर जायला लागलो. सुरूच्या झाडांपाशी कुणाची तरी जुनी होडी वाळूवर ओढून ठेवलेली होती, दुरुस्तीची वाट बघत. तोच आपला बाक. होडीच्या कडेला दोन्ही हात टेकायचे, पाय मागे घ्यायचे, अंग फळीसारखं सरळ. पहिल्या दिवशी तू तीन काढलेस. तिसऱ्याला तुझा चेहरा पांढराफटक पडला आणि तू वाळूत बसलीस. मी म्हटलं, राहू दे. दुसऱ्या दिवशी तू चार काढलेस. बैठकांचं मात्र उलटं होतं. कासोटा घातलेल्या लुगड्यात तू खाली बसत होतीस, उठत होतीस, श्वास न लागता, आणि मी शाळेत शिकलेली पोर तुझ्या मागे पडत होते. बाजूला बोंबील सुकवायची वलांडी होती, खांबांवर बांधलेल्या आडव्या बांबूंची. तिचा शेवटचा बांबू रिकामा असायचा. त्याला लटकायची युक्ती तुझीच. पायाची बोटं वाळूला टेकलेली ठेवून हाताला पेलेल तेवढंच वजन द्यायचं, रोज थोडं जास्त. हे आमच्या सरांनीही शिकवलं नव्हतं. मी समोर उभी राहून आकडे मोजते आहे, थंडीनं माझे दात वाजतायत, ओहोटीला पाणी दूर गेलंय, आणि तू डोळे मिटून बांबूला लटकलेली आहेस, हे मला आत्ता लिहिताना जसंच्या तसं दिसतंय.

गावात कळायला वेळ लागला नाही. बोंबील टांगायला येणाऱ्या बायका थांबून बघायच्या. कुस्तीला जाणार का म्हणून विचारायच्या. काकी तोंडावर पदर घेऊन हसायची. बाबांनाही कुणीतरी दर्यावर ऐकवलं असावं, कारण एक दिवस ते म्हणाले की घरात काय करायचं ते कर, बाहेर तमाशा नको. तू मान हलवलीस आणि दुसऱ्या दिवशी उजाडता परत निघालीस. मला ते सहन होईना. वाटेत मी तुला म्हटलं, पुरे आता, लोक हसतात. होडीशी पोचल्यावर, पदर खोचून झाल्यावर, माझ्याकडे वळून म्हणालीस, "लोक हसतात ते मला ऐकू येतं गो. मी बहिरी नाय. पण हात असाच राह्यला तर तुझी शाळा बुडंल, त्यांची नाय." तुझ्या या जोर-बैठका कशासाठी चालल्यात ते मला तोवर कळलंच नव्हतं. मला वाटायचं तुला तुझी गिऱ्हाईकं परत हवीत.

आणि ते कळल्यावर मी काय केलं, ते आता सांगते. मला शाळेत परत जायचं नव्हतं, आये. बीजगणित डोक्यात शिरत नव्हतं आणि इकडे बोईसर मला आवडायला लागलं होतं. चाळींतल्या बायका मला हिंदीत हाका मारायच्या, आज काय आणलंय म्हणून पाटीत डोकावायच्या. दुपारी पहिली पाळी सुटली की औषधांच्या गोळ्या भरणाऱ्या कंपनीतल्या मुली घोळक्यानं बाहेर पडायच्या, खांद्याला पर्स, मनगटाला घड्याळ. त्यांतल्या एकीनं एकदा आपलं घड्याळ काढून माझ्या हातात बांधलं आणि म्हणाली, "तेरे हाथ में अच्छा लगता है." मी ठरवून टाकलं की थोडी मोठी झाले की आपणही कंपनीत जायचं. म्हणून तू जेव्हा विचारलंस की होडीवर आता वीस निघतात, पुढं काय, तेव्हा मी खोटं बोलले. सर सांगतात की प्रत्येक पायरीवर महिनाभर थांबायचं, घाई केली तर हाड पुन्हा मोडतं, असं तुला सांगितलं. सरांनी असलं काही कधी सांगितलं नव्हतं. तू जमिनीवर यायला तयार होतीस आणि मी तुला आणखी तीन आठवडे होडीच्या कडेला ठेवलं.

मग सर आले. ते तारापूरला राहायचे, सुट्टीच्या दिवशी कधीकधी किनाऱ्यानं लांबवर धावायचे, पण आपल्या बाजूला कधी दिसले नव्हते. लांबून त्यांना बघितलं आणि मी होडीच्या पलीकडे जाऊन खाली बसले. तुला एकटी सोडून. तुझे जोर चालूच होते. माझ्या डोक्यावर होडीची कड आणि कडेवर तुझी बोटं, एवढंच मला दिसत होतं. सर थांबले. त्यांनी विचारलं, "बाई, हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

"माझ्या पोरीनं. तुमच्याच शाळंत हाय, नववीला."

त्यांनी लगेच ओळखलं. म्हणाले की ती दोन-तीन महिने आलेली नाही, आहे कुठे. तू म्हणालीस, पाण्याला गेलीय. मग ते म्हणाले की मुलीनं शिकवलंय चांगलं, कंबर कुठे वाकत नाही, पण इतके जोर निघतात तर तुम्ही केव्हाच जमिनीवर यायला हवं होतं, इतके दिवस इथे का थांबलात. कडेवरची तुझी बोटं हलली नाहीत.

"मीच नको बोलली, मास्तर," तू म्हणालीस. "माझंच दुखत व्हतं."

सरांनी तुला वाळूवर गुडघे टेकून सुरुवात कशी करायची ते दाखवलं. जाताना म्हणाले की हात धड झाला की मुलीला पाठवा, मी हेडमास्तरांशी बोलतो, वर्ष वाया जाऊ देणार नाही. ते दिसेनासे झाल्यावर मी होडीमागून बाहेर आले. मला वाटलं आता तू मारशील. तू माझ्याकडे बघितलंही नाहीस. वाळूवर गुडघे टेकलेस आणि म्हणालीस, "मोज."

पौषातली गोष्ट. एस.टी.च्या थांब्यावर आपण उभ्या आहोत, तू मला पोचवायला म्हणून आली आहेस असं मला वाटतंय. पाटी जमिनीवर आहे, बोंबील आणि मांदेली वरपर्यंत भरलेली. गाडीचा आवाज आला तशी काकी हात लावायला वाकली आणि तू तिला थांबवलंस. माझ्या डोक्यावरची चुंबळ काढून आपल्या डोक्यावर ठेवलीस. खाली बसलीस, अगदी बैठक काढतात तशी, दोन्ही हात पाटीखाली घातलेस आणि पहिल्या हिसक्यात ती मांडीवर घेतलीस. दुसऱ्या हिसक्याला पाटी खांद्यापर्यंत आली आणि तिथंच अडली. तुझा उजवा दंड थरथरत होता, मानेवरच्या शिरा ताणल्या होत्या. मी पुढे झाले, काकीनं माझा दंड धरून मला मागे ओढलं. मग पाटी वर गेली. तू ती डोक्यावर नीट बसवलीस, हात सोडलेस आणि मान न वळवता मला म्हणालीस, "तू शाळंत जा." गाडीत चढलीस. काकी तुझ्या मागोमाग चढली, आणि चढताना पाटीला धक्का लागू नये म्हणून तिनं दोन माणसांना बाजूला व्हायला लावलं. मी घरी आले, अंगाचा वास जाईपर्यंत आंघोळ केली आणि दप्तर शोधलं. मला आनंद झाला नव्हता. मी दप्तर पोटाशी धरून ओट्यावर बराच वेळ बसले होते.

पुढचं तुला माहीतच आहे. सरांनी शब्द पाळला, शाळा सुटल्यावर मला थांबवून गणित समजावून दिलं, मी नववी पास झाले आणि मग मॅट्रिकही. खेळाची शिक्षिका झाले तेव्हा बाबा गावभर सांगत फिरले. माझ्या शाळेतही सामान नव्हतं. भिंत, बाक, जमीन, आणि लटकायला आंब्याची आडवी फांदी. तू एकदाच माझ्या शाळेत आलीस, नव्वदच्या आसपास, पालघरला कुणाकडे लग्नाला आली होतीस तेव्हा. पायरीवर सावलीत बसून तास बघत होतीस. डोंगरातल्या पाड्यावरून आलेली, वसतिगृहात राहणारी एक बारकीशी मुलगी जमिनीवर जोर काढता काढता तोंडावर पडली. बाकीच्या मुली हसल्या आणि तिला रडू आलं. मी तिच्याकडे जाईपर्यंत तू पोचलीस. तिच्या तोंडावरची माती पदरानं पुसलीस, तिला हाताला धरून कुंपणाच्या भिंतीशी नेलंस आणि तिचे तळवे भिंतीवर टेकवून म्हणालीस, "आदी हितं कर. भिंत हासत नाय." शाळेतल्या दुसऱ्या एका बाईंनी मला विचारलं, कोण आहेत या? मी म्हटलं, माझी आई. यापेक्षा जास्त सांगायला हवं होतं, पण मी शिट्टी फुंकून तास पुढं सुरू केला.

त्यानंतर दोन वर्षांनी तू गेलीस, चार दिवसांच्या तापानं. शेवटच्या दिवशी तुझं पोलकं बदलताना मी तुझा उजवा हात वर केला. तो अगदी वरपर्यंत गेला, कुठंही न अडता. तेव्हा तुला शुद्ध होती. तेव्हा सांगता आलं असतं. तू विचारलंस, मुलांचं जेवण झालं का, आणि मी हो म्हटलं.

काल मुलगा म्हणाला की जिमला जायचं नसेल तर निदान भिंतीचा व्यायाम कुणी शिकवला ते तरी सांग. मी त्याला हे सगळं सांगितलं, ते तीन आठवडेसुद्धा सांगितले. तो हसला. म्हणाला, पोरवयात सगळेच असं करतात, तुला बोईसरची ओढ लागली होती. मी मान हलवली. मघाशी तुलाही तेच लिहिलं. पण ते अर्धंच खरं आहे. बोईसर तर दिवसभर माझ्यापाशी होतंच. हात मोडायच्या आधी तू मला कधी दिसायची नाहीस, आये. उजाडायच्या आत तू मासळीशी, दिवसभर चाळींत, संध्याकाळी चुलीशी, आणि आम्ही भावंडं तुझ्या पाठीशी बोलायचो. त्या दोन-अडीच महिन्यांत रोज सकाळी तू माझ्या एकटीची होतीस. मी सांगेन ते करायचीस, मी मोजेन तेवढे जोर काढायचीस. तू जमिनीवर आलीस की पाटी उचलशील, आणि पाटी उचललीस की ते संपेल, हे मला चांगलं कळत होतं. तुझा हात दुखत होता आणि मी सुखात होते. हे मी मुलाला सांगितलं नाही.